फोडणीवर न ओरडणारा अलार्म

तेल तापतं, मोहरी तडतडते, हिंग पडतो, पाठोपाठ दोन सुक्या लाल मिरच्या. मिरची जरा जास्त करपली की घरभर खकाणा उठतो आणि हॉलमध्ये बसलेल्यांनाही ठसका लागतो. अशा स्वयंपाकघरात धूर ओळखणारा अलार्म लावला तर काय होईल, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. पहिल्यांदा वाजेल तेव्हा घरातले दचकतील. दोन-चार दिवसांनी कुणीतरी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत उभं असेल. आणि महिना उलटायच्या आत त्यातला सेल निघून भिंतीवरच्या घड्याळात गेलेला असेल.

ब्रिटन-अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना ही कथा नवी नाही. फोडणी घालायच्या आधी छतावरच्या स्मोक अलार्मला प्लास्टिकची पिशवी किंवा आंघोळीची टोपी बांधायची, हा उद्योग तिथल्या वसतिगृहांत सर्रास चालतो. पकडलं तर दंड होतो, तरी चालतो. पिशवी बांधताना सगळ्यांच्या लक्षात असतं, जेवून झाल्यावर ती काढायचं मात्र राहून जातं. मग रात्री त्या घरात अलार्म असतो तो फक्त नावाला.

यात स्मोक अलार्मचा दोष नाही. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक स्मोक अलार्ममध्ये एक काळी, बाहेरचा उजेड आत न येणारी डबी असते. तिच्यात एका बाजूने प्रकाशाचा झोत सोडलेला असतो आणि तो थेट पडणार नाही अशा कोनात प्रकाश टिपणारा सेन्सर बसवलेला असतो. हवा स्वच्छ असेल तोवर सेन्सरला काही दिसत नाही. धुराचे कण आत शिरले की झोत त्यांच्यावर आपटून विखुरतो, सेन्सरवर उजेड पडतो आणि भोंगा वाजतो. आत आलेला कण धुमसणाऱ्या गादीचा आहे, करपलेल्या मिरचीचा आहे की कुकरच्या वाफेचा थेंब आहे, हे त्या डबीला कळत नाही. जुन्या धाटणीचे आयोनायझेशन अलार्म, ज्यांच्यात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कणभर अंश असतो, ते तळणातून उठणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर आणखी लवकर बिथरतात. स्वयंपाकघर ही जागाच अशी आहे, की तिथे रोजच्या कामात धूर होतो.

म्हणून तिथे दुसरं यंत्र लागतं. त्याला हीट अलार्म म्हणतात. दिसायला स्मोक अलार्मचा जुळा भाऊ, तशीच पांढरी गोल डबी, मध्ये तपासणीचं बटण. पण धुराशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याच्या भोवतालची हवा किती तापली, एवढंच तो पाहतो.

डबीच्या मधोमध प्लास्टिकच्या पट्ट्यांचा एक उंचवटा असतो. पट्ट्यांच्या फटीतून नीट पाहिलं तर आत दोन बारीक तारांवर बसवलेला साबुदाण्याएवढा मणी दिसतो. तो थर्मिस्टर. साधी तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते. हा मणी उलट वागतो: तापेल तसा त्याचा विरोध झपाट्याने कमी होतो. आतलं सर्किट दर काही सेकंदांनी त्यातून किती वीज जाते ते बघतं आणि त्यावरून तापमान काढतं. घरगुती हीट अलार्म साधारण ५७ किंवा ५८ अंश सेल्सिअसला वाजतात. फोडणी कितीही खमंग असो, आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात छताखालची हवा तेवढी तापत नाही. कढईतल्या तेलाने पेट घेतला, किंवा ओट्याशेजारचा पडदा पेटला, तर मात्र तापलेली हवा सरळ वर जाते, छताला थडकते आणि छतालगत चहूकडे पसरते. तो थर मण्यापर्यंत पोहोचला की भोंगा सुरू.

सगळे हीट अलार्म ठरलेल्या अंशावरच वाजतात असं नाही. काही यंत्रं तापमान किती वेगाने चढतंय ते पाहतात. मिनिटाला साधारण आठ अंशांच्या पुढे वेग गेला, की छताखाली अजून पंचेचाळीसच अंश असले तरी ती वाजतात. भडका मोठा असेल तर अशा यंत्राने थोडा वेळ नक्की वाचतो, त्यामुळे कागदावर हा प्रकार जास्त हुशार वाटतो. पण आपल्या ओट्यापाशी ही हुशारी अंगाशी येते. कुकरची शिट्टी, ओव्हनचं दार उघडल्यावर येणारा झोत, इडलीपात्राचं झाकण काढल्यावर उठणारी वाफ, हे सगळं तापमान झर्रकन चढवतं. माझं मत स्पष्ट आहे: स्वयंपाकघरासाठी ठरावीक तापमानाला वाजणाराच घ्यावा. युरोपच्या ईएन ५४-५ या मानकानेही हा फरक ओळखला आहे. यंत्राच्या वर्गापुढे ‘एस’ हे अक्षर असेल तर ते ठरलेल्या तापमानाच्या खाली, हवा कितीही झपाट्याने तापली तरी, वाजत नाही. ‘आर’ असेल तर ते वेगावर वाजतं. पहिलं स्वयंपाकघराच्या कामाचं, दुसरं थंड गोदामाच्या.

याच मानकात आणखी एक गोष्ट दडली आहे आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाने ती जरूर वाचावी. ‘ए-१’ वर्गाचा हीट डिटेक्टर ५४ ते ६५ अंशांच्या दरम्यान वाजतो, आणि तो ज्या जागेसाठी बनवला आहे तिथलं नेहमीचं तापमान २५ अंश आणि जास्तीत जास्त ५० अंश धरलेलं असतं. हे आकडे थंड देशात बसून ठरवलेले आहेत. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस अंश होतात. वर पत्रा असेल आणि दुपारी दोन वाजता त्याखाली भाकऱ्या चालल्या असतील, तर छताखालची हवा पन्नाशी सहज ओलांडते. तिथे ५७ अंशांचा अलार्म लावणं म्हणजे फोडणीची कटकट घालवून उन्हाची ओढवून घेणं. अशा जागेसाठी ‘बी’ वर्ग असतो. तो ६९ ते ८५ अंशांच्या दरम्यान वाजतो आणि ६५ अंशांपर्यंतची गरम जागा सोसतो. ठोकताळा म्हणून एवढं धरून चालावं, की आपल्या छताखाली वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवशी जेवढं तापमान होतं, त्याहून वीस-पंचवीस अंश वर अलार्मचा आकडा असावा. स्लॅबच्या घरात हा विचार फारसा करावा लागत नाही. पत्र्याच्या घरात करावाच लागतो.

उष्णतेवरून आग ओळखण्याची कल्पना धुरापेक्षा जुनी आहे. एडिसनचा गणितज्ञ सहकारी फ्रान्सिस अप्टन याने फर्नांडो डिबल याच्यासोबत १८९० साली अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या आगीच्या अलार्मचं पेटंट घेतलं, आणि १९०२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज अँड्र्यू डार्बीने इंग्लंडमध्ये. दोन्ही यंत्रं उष्णतेवर चालणारी होती. मॉलच्या किंवा मोठ्या इमारतीच्या छतातून डोकावणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी जी लाल काचेची नळी दिसते, तीही याच कुळातली. ६८ अंशांना आतला द्रव फुगून काच फोडतो आणि पाणी सुटतं. सिनेमात दाखवतात तसे इमारतीतले सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होत नाहीत. ज्याची काच तापून फुटली तेवढाच उडतो.

जुनी असली तरी ही कल्पना माणसं वाचवायला पुरेशी नव्हती, आणि हे सिद्ध व्हायला १९७० चं दशक उजाडलं. अमेरिकेत इंडियाना ड्यून्स या भागात पाडायला काढलेल्या खऱ्याखुऱ्या घरांमध्ये संशोधकांनी मुद्दाम आगी लावल्या, गाद्या-खुर्च्या धुमसवल्या आणि कोणतं यंत्र केव्हा वाजतं ते मोजलं. स्मोक अलार्मनी पळायला वेळ मिळेल इतक्या लवकर इशारा दिला. उष्णतेची यंत्रं मागे पडली, आणि धुमसणाऱ्या आगींत तर फारच मागे. घराच्या प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म हवा, हा नियम पुढे रुजला त्यामागे या प्रयोगांचा मोठा हात आहे.

हीट अलार्म घेणाऱ्याने ही मर्यादा मनात पक्की ठेवायला हवी. पलंगाखाली डासांची कॉइल ठेवली आहे, चादरीचं टोक तिच्यावर लोंबतंय. कापूस पेटत नाही, आत आत धुमसत जातो. तासभरसुद्धा ज्वाळा दिसत नाही. खोलीचं तापमान दोन-चार अंशांनी वाढतं, तेवढं तर पंखा बंद केल्यावरही वाढतं. पण हवेत कार्बन मोनॉक्साइड भरत जातो आणि झोपलेला माणूस जागा न होता गुदमरतो. अशा खोलीतला हीट अलार्म शेवटपर्यंत गप्प बसू शकतो. म्हणून झोपायच्या खोल्यांत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटेवर स्मोक अलार्मच हवा. हीट अलार्म त्याच्या जोडीला, स्वयंपाकघरात. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर आधी स्मोक अलार्म घ्या आणि तो स्वयंपाकघरापासून लांब लावा.

ही वाटणी कायद्याच्या भाषेत स्वच्छ लिहिलेली पाहायची तर स्कॉटलंडकडे बघावं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली, ७२ माणसं गेली. ती आग चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी सुरू झाली होती. त्यानंतर स्कॉटलंडने घरातल्या अलार्मचे नियम कडक केले आणि १ फेब्रुवारी २०२२ पासून ते प्रत्येक घराला लागू झाले, भाड्याचं असो की मालकीचं. बैठकीच्या खोलीत एक स्मोक अलार्म, प्रत्येक मजल्याच्या जिन्यापाशी किंवा पॅसेजमध्ये एक, आणि प्रत्येक स्वयंपाकघरात एक हीट अलार्म. चालू राहायला एक तर थेट घरची वीज, नाही तर दहा वर्षं टिकणारी आणि काढताच न येणारी बॅटरी. काढताच न येणारी, हे शब्द ज्याने नियमात घातले त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असणार.

या नियमातली सगळ्यात मोलाची अट मात्र वेगळीच आहे: सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले हवेत. एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. जोडणी तारेने करता येते किंवा रेडिओ लहरींनी. नंतर भिंती फोडायच्या नसतील तर दुसरी सोयीची. आपल्याकडे हीट अलार्मचा विचार करताना ही अट हमखास सुटते. अलार्मचा आवाज तीन मीटरवर साधारण ८५ डेसिबल असतो, म्हणजे कानठळ्या बसवणारा. पण स्वयंपाकघराचं दार लावलेलं, बेडरूमचं दार एसीसाठी बंद, वर पंख्याची घरघर, आणि झोपलेले आजोबा सत्तरीचे. वय झालं की आधी चिरक्या, उंच पट्टीच्या आवाजांना कान अंतरतात, आणि नेहमीचे अलार्म नेमक्या त्याच पट्टीत ओरडतात. (म्हणून ५२० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाचे अलार्मही निघाले आहेत, ऐकू कमी येणाऱ्यांना ते जास्त उपयोगी पडतात.) लहान मुलं गाढ झोपेत असली तर अलार्मच्या आवाजानेही बरेचदा उठत नाहीत. त्यांना उठवायचं काम कुणाचं, हे घरात आधीच ठरलेलं बरं.

मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरच्या दुकानात आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातले सात जण गेले. खाली गाळा आणि वर बिऱ्हाड, अशी घरं आपल्या प्रत्येक शहरात आणि बाजारपेठेच्या गावात आहेत. अशा घरात खालचा अलार्म खालीच वाजून काय उपयोग? तो वर, उशाशी वाजायला हवा. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ६ ऑक्टोबर २०२३ ला, गोरेगावच्या जयभवानी इमारतीत आग पेटली ती पार्किंगच्या जागेत, आणि धूर जिन्यातून वर चढला. पार्किंग ही हीट डिटेक्टरची हक्काची दुसरी जागा. तिथे गाड्यांचा धूर रोजचाच, त्यामुळे धुरावर चालणारं यंत्र टिकत नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या जागांवरून तासभर भांडण चालतं. त्यातली पाच मिनिटं या विषयाला दिली तर बरं होईल.

सोसायटीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेऊन देणं त्यात बंधनकारक आहे. तुमच्या सोसायटीने शेवटचा दाखला कधी दिला, हे सेक्रेटरीला विचारायला हरकत नाही. पण त्या दाखल्याचा भर जिना, पंप, होजरील अशा सामायिक यंत्रणेवर असतो. तुमच्या ओट्यावरच्या छताची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते.

आता खरेदी. इथे एक घोटाळा इतका सर्रास होतो, की त्यासाठी वेगळा परिच्छेद खर्ची घालावा लागेल. मुंबईत लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात किंवा ऑनलाइन ‘हीट डिटेक्टर’ म्हणून जे स्वस्तात मिळतं, ते बहुधा नुसतं संवेदक असतं. त्याला २४ व्होल्टचं पॅनेल लागतं, भोंगा वेगळा लागतो. ऑफिसात, हॉटेलात अशी यंत्रणा असते. घरच्या छताला नुसता डिटेक्टर स्क्रूने बसवला, तर तो आगीतही आवाज न करता वितळेल. घरासाठी हवा तो हीट ‘अलार्म’, म्हणजे संवेदक, भोंगा आणि बॅटरी एकाच डबीत. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच: पॅनेलशिवाय हा वाजतो का? मग डबी उलटी करून मागचा छाप वाचा. घरगुती हीट अलार्मवर ब्रिटनचं बीएस ५४४६-२ किंवा अमेरिकेचं यूएल ५३९ असं मानक असतं. आपल्याकडे उष्णतेवर चालणाऱ्या डिटेक्टरसाठी आयएस २१७५ आहे. किती अंशांना वाजतो, हेही तिथेच छापलेलं हवं. काहीच छापलेलं नसेल, तर किंमत कितीही कमी असो, परत करा.

नावं सारखी वाटतात म्हणून आणखी एक गल्लत होते. हीट अलार्मला गॅसची गळती कळत नाही. आणि गॅसच्या अलार्ममध्येही सिलिंडरचा वेगळा, पाइपचा वेगळा. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो फरशीवर साचतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावतात. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर जातो, त्याचा अलार्म छताजवळ. उलटसुलट लावले तर दोन्ही निकामी. बाथरूममधल्या गॅस गिझरने जे बळी जातात ते कार्बन मोनॉक्साइडचे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हीट अलार्मला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, पण त्याआधी गिझर बाथरूमच्या बाहेर काढणं शहाणपणाचं.

अलार्म लावायची जागा छतावर, स्वयंपाकघराच्या मध्याजवळ. अगदी शेगडीच्या डोक्यावर नको, तिथे रोजची वाफ त्याला छळेल. भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान ३० सेंटिमीटर लांब, कारण भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात हवा साचून राहते आणि तापलेला थर तिथे उशिरा पोहोचतो. एक्झॉस्ट फॅन, चिमणी आणि पंख्याच्या वाऱ्यापासूनही दूर. हीट अलार्मचा मणी छताच्या खाली २.५ ते १५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात असावा लागतो. धूर खोलीभर पसरतो, त्याला थोडंफार वर-खाली चालतं. उष्णतेला चालत नाही, तिचा थर छताला घट्ट चिकटून असतो. म्हणून भिंतीवर, दाराच्या चौकटीवर हीट अलार्म लावलेला पाहिला की वाईट वाटतं. ब्रिटनच्या नियमावलीप्रमाणे खोलीतला कोणताही बिंदू हीट अलार्मपासून ५.३ मीटरहून लांब असू नये. आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांना एक पुरून उरतो. कोकणातल्या कौलारू घरात आढ्याच्या जरा खाली लावावा, पण कौलांच्या फटींतून उष्णता निसटत राहते, त्यामुळे तिथे तो उशिरा वाजणार, हे गृहीत धरावं.

एकाच खोलीत संसार असेल तर? ओटा, देव्हारा, पलंग, कपाट सगळं दहा बाय बाराच्या खोलीत. नवरात्रात अखंड दिवा, संध्याकाळी उदबत्ती. पुस्तकी नियम इथे अपुरे पडतात. मी म्हणेन की जिथे माणसं झोपतात तिथे धूर ओळखणारं यंत्र हवंच. प्रकाशावर चालणारा, आयोनायझेशनचा नव्हे, असा स्मोक अलार्म ओट्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला, पलंगाच्या बाजूला लावावा, आणि त्याला थोडा वेळ गप्प करायचं बटण असलेला घ्यावा. फोडणीला ते बटण दाबायचं. दहा-पंधरा मिनिटांनी तो आपला आपण पुन्हा जागा होतो. जमलं तर ओट्याच्या बाजूच्या छताला हीट अलार्म. दिव्याच्या ज्योतीने तो वाजणार नाही. देव्हाऱ्याचं लाकूड पेटलं तर वाजेल.

वाजल्यावर काय करायचं, हे अलार्मच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकलेलं असतं, म्हणून कढईबद्दल थोडं सविस्तर. तळणासाठी तेल १८० अंशांच्या आसपास असतं. फोन आला, बोलत बोलत बाई गॅलरीत गेल्या, गॅस मोठाच राहिला. तेल दोनशेच्या वर गेलं की धुरायला लागतं आणि साडेतीनशे-चारशेच्या आसपास कुठल्याही ठिणगीशिवाय आपलं आपण पेटतं. धूर निघण्यापासून पेट घेईपर्यंतच्या त्या मिनिटांत हीट अलार्म गप्प असतो. त्या मिनिटांत उपयोगी पडतं ते ओट्यापाशी उभं असलेलं माणूसच. पेट घेतल्यावर अलार्म वाजेल. तेव्हा पहिली ऊर्मी येते ती तांब्याभर पाणी ओतायची, आणि तीच जीवघेणी ठरते. पाणी तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, वाफेचं आकारमान पाण्याच्या सतराशे पट, आणि ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, कढईपेक्षा मोठं झाकण किंवा ताट बाजूने सरकवत वर ठेवा आणि ते पूर्ण निवेपर्यंत उचलू नका. कढई हातात घेऊन मोरीकडे धावू नका. नॉबपर्यंत हात पोहोचत नसेल, किंवा आग कढईबाहेर गेली असेल, तर सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, जिन्याने उतरा, १०१ ला फोन करा. सेफ्टी डोअरची किल्ली रात्री कुठे असते, हे घरातल्या सातवीतल्या पोरालाही माहीत हवं. खिडक्यांना सगळीकडून बॉक्स ग्रिल ठोकलेलं असेल, तर त्यातल्या एकाला तरी आतून उघडणारं दार करून घ्या. बाहेर पडायला वाट नसेल तर अलार्म वाजूनही उपयोग नाही.

देखभाल थोडीच आहे, पण ती करावी लागते. दिवाळीच्या रंगकामात रंगाऱ्याने अलार्मवरून ब्रश फिरवला की पट्ट्यांच्या फटी बुजतात आणि मणी हवेला पारखा होतो. रंगाआधी अलार्म उतरवा आणि नंतर परत लावा. स्वयंपाकघरात तेलकट धुळीचा थर बसतो. तो कोरड्या मऊ फडक्याने पुसा, स्प्रे मारू नका. दर मिनिटाला एकदा ‘टिक्’ असा आवाज यायला लागला तर बॅटरी संपत आली आहे. तो आवाज ऐकून सवयीचा होऊ देऊ नका. दहा वर्षं झाली की चालू दिसत असला तरी बदला, तारीख मागे छापलेली असते. काडी किंवा लायटर धरून परीक्षा घेऊ नका, प्लास्टिक वितळेल आणि मणी बिघडेल. त्यासाठीच बटण दिलेलं आहे. महिन्यातून एकदा ते दाबायचं, आणि महिन्यातून एकदा म्हणजे कधी हे विसरायला होतं, म्हणून संकष्टीचा दिवस धरा. स्टुलावर चढायची गरज नाही, झाडूच्या दांड्याने खालूनही बटण दाबता येतं. जोडलेले अलार्म असतील तर त्या वेळी घरातल्या एकाला बेडरूमचं दार लावून आत बसवा आणि आवाज आला का ते विचारा.